कृष्णाबाईच्या दांडीचा फेरफार

पनवेलच्या मामलेदार कचेरीबाहेरच्या पडवीत बसून मी बत्तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. वारसाचे, बांधावरच्या भांडणाचे, कोंडवाड्यात अडकलेल्या म्हशीचे, काय वाटेल ते. त्या ढिगातला एकच कागद असा आहे की ज्याचा मला अभिमान वाटतो, आणि तो कुठल्याही कचेरीत दाखल झाला नाही. तो एका ट्रकच्या फाळक्यावर खिळ्यांनी ठोकलेला होता. लिहिला मी, पण अक्कल माझी नव्हती. अक्कल कृष्णाबाईची.

कृष्णाबाईची भट्टी पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, गाड्या उभ्या राहायच्या त्या नाक्यावर होती. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. नऊवारीचा काष्टा घट्ट, दंडावर ठिणग्यांचे डाग, आणि आवाज असा की ऐरणीवर घण पडत असतानाही रस्त्यापलीकडे ऐकू यावा. माहेर चिरनेरकडचं. सन तीसच्या जंगल सत्याग्रहानंतर पोलीस तिच्या बापाच्या भट्टीवर आले होते, रानात नेलेले कोयते कुणी घडवले म्हणून विचारायला. माहेरपणाला आलेली ही वीस वर्षांची मुलगी बापाच्या आधी बोलली, "घडवले त्यांनी, घण मारला मी. दोगांना न्या." कोणालाच नेलं नाही. पण पोलिसांना असं सांगता येतं, हे तिला त्या दिवशी कळलं आणि ते ती पुढे विसरली नाही.

लोहाराच्या घरात रिवाज ठरलेला. नवरा बसून सांडशीत लालबुंद लोखंड धरणार, हातोडीनं जागा दाखवणार, आणि बायको उभी राहून त्या जागेवर घण घालणार. काम दोघांचं, नाव एकट्याचं. काशिराम लोहाराशी लग्न झाल्यापासून वीस वर्षं कृष्णाबाईनं घण मारला. काशिराम गेला आणि तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी तिनं भट्टी पेटवली. आता सांडशी तिच्या हातात आणि घण तिच्या नणंदेच्या, चंद्रावतीच्या. नाक्यावरच्या शहाण्यांना मळमळायला लागलं. बाईनं सांडशी धरायची म्हणजे काय! कृष्णाबाई म्हणाली, "घण धरला तेवा कुनाच्या पोटात दुखलं नाय. सांडशी तर हलकी हाय."

या गोष्टीतला ट्रक हाफिजभाईंचा. हाफिजभाई पनवेलचेच, कोकणी मुसलमान, मिठाच्या वाहतुकीत मुरलेले. लढाई संपल्यावर लष्करानं गाड्या लिलावात काढल्या, त्यांतली एक त्यांनी आणली होती. मीठ भरायला खाडीकाठच्या आगरापर्यंत जायचं तर बांधावरची वाट उधाणाला पाण्याखाली. गाडी अडकायची, पाणी यंत्रात शिरायचं. म्हणून हाफिजभाईंनी गाडी उंच करून घेतली. मागच्या चाकांचा आस आणि त्याच्यावरचे स्प्रिंगचे पाटे यांच्यामध्ये वीतभर उंचीचे लोखंडी ठोकळे घातले. गाडी एकदम ऐटदार दिसायला लागली. बांधावरून पाण्यातून डुलत जायची, आणि बाकीचे गाडीवाले काठावर उभे राहून बघत बसायचे.

सुख तेवढ्यापुरतंच. तेच मीठ घेऊन पुण्याला जायचं म्हणजे बोरघाट. भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये चढाला लागली की मागून धडधड सुरू व्हायची, गाडी बोकडासारखी उड्या मारायची, आणि खाली काहीतरी काडकन तुटायचं. यंत्रापासून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा जो लांब दांडा असतो, त्याचा सांधा. एका पावसाळ्यानंतर तीन वेळा तुटला. मुंबईच्या मिस्त्रीनं पाहिलं आणि सांगितलं, ठोकळे काढा. ठोकळे काढले तर आगरात जाता येईना, ठेवले तर घाट चढता येईना. हाफिजभाई गाडी घेऊन कृष्णाबाईच्या दारात आले. "कृष्णाबाय, या बलेचं काय करू, तूच सांग," म्हणाले.

मी तिथं होतो. माझ्या अडकित्त्याला धार लावून घ्यायला गेलो होतो. कृष्णाबाईनं गाडीचं तोंड दगडी कठड्याला टेकवायला लावलं, स्वतः पदर खोचून मागच्या चाकांजवळ उताणी पडली आणि ओरडली, "सोडा आता क्लच, हळूहळू!" हाफिजभाई घाबरून घाबरून पाय उचलू लागले. गाडीला पुढे जाता येईना, यंत्र मागून रेटतंय, आणि कृष्णाबाई खालून हसतेय. बाहेर आली तेव्हा पाठीला तेल, केसांत माती.

"पाट्यांचा दोष नाय. सांध्याचा पन नाय," ती म्हणाली. "आस मुरगळतोय."

तिनं ओलं फडकं पिळून दाखवलं. यंत्र चाकांना पुढे फिरवतं, पण भार जास्त असला की चाकं अडतात, मग आसच उलटा फिरायला बघतो. त्याला धरून ठेवलंय फक्त पाट्यांनी. ठोकळ्यांमुळे आस पाट्यांपासून लांब गेलेला, म्हणजे त्याच्या हातात पाटे पिळायला आणखी लांब दांडा आला. पाटे पिळतात, मग झटक्यानं सुटतात, पुन्हा पिळतात. त्या उड्या. आणि आस तोंड वर करतो तेव्हा सांध्याची मान मोडते. मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, पण मला कळलं. मुंबईच्या मिस्त्रीला हे सांगता आलं नव्हतं, याचा मला उगाचच आनंद झाला.

तिनं दांडी केली. लष्करी भंगारातला एक जाड नळ घेतला. एका टोकाला दोन बोटांचा पंजा घडवला, एक बोट आसाच्या वरून, एक खालून, बोल्टांनी आवळलेली. दुसरं टोक पुढे नेऊन गाडीच्या सांगाड्याला पक्कं ठोकलं. दोन बाजूंना दोन दांड्या. आस आता मुरगळायला लागला की दांडी त्याला आवरणार. मीठ आणि दांडी एकत्र आलं म्हटल्यावर नाक्यावर चेष्टेला ऊत आला. "आता कुठला कायदा मोडायचा, कृष्णाबाई?" असं जो तो विचारायला लागला. गाडी मात्र घाट गुपचूप चढली. हाफिजभाईंनी खोपोलीहून येताना चंद्रावतीसाठी चिकू आणले.

त्यानंतर आठवड्याभरात गाड्या तपासणारे साहेब आले. दोन-तीन आठवड्यांनी एकदा ते पनवेलला येत, नाक्यावर गाड्या रांगेनं उभ्या राहात, आणि साहेब पास करत किंवा नापास. गोरेगोमटे, तरुण, परीक्षा देऊन आलेले. त्यांनी हाफिजभाईंच्या गाडीखाली वाकून पाहिलं आणि बुटाच्या टोकानं दांडीला ठोसा दिला.

"हे काय? हा फेरफार कोणी केला?"

कृष्णाबाई रस्त्यापलीकडून म्हणाली, "मी."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग हाफिजभाईंकडे, जणू उत्तर अजून यायचंच आहे. मग म्हणाले, "खड्ड्यातून गेली की सांगाडा फाडेल ही. फेरफार मंजूर झाल्याशिवाय गाडी पास होणार नाही." आणि रांगेतल्या सगळ्या गाडीवाल्यांकडे वळून मोठ्यानं बोलले, "ऐका सगळे. या बाईच्या हातचं काम ज्या गाडीला दिसेल, ती गाडी मी पास करणार नाही. चुलीजवळचं काम वेगळं आणि मोटारीचं वेगळं."

भट्टीतलं निम्मं काम तेव्हा मोटारींचंच झालं होतं. नांगराचे फाळ आणि विळे आता बाजारात तयार मिळत. गाड्यांचं काम गेलं तर भट्टी विझणार हे तिला कळत होतं, मला कळत होतं, आणि रांगेतल्या प्रत्येकाला कळत होतं. कोणी तोंड उघडलं नाही. मीही नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

हाफिजभाईंनी मात्र साहेबांचा शब्द अक्षरशः घेतला. फेरफार मंजूर करून आणायचा ना? मग फेरफार मंजूर कुठे होतो, हे पनवेलात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तलाठ्याकडे! जमिनीवर एकाचं नाव जाऊन दुसऱ्याचं लागतं तो फेरफार. हाफिजभाई स्वच्छ टोपी घालून, गाडीचे सगळे कागद रुमालात बांधून तलाठ्यापुढे जाऊन बसले आणि म्हणाले, "फेरफाराची नोंद घालायची आहे." तलाठ्यानं गट नंबर विचारला. यांनी गाडीचा नंबर सांगितला. तलाठी इतका हसला की त्याची तपकीर वहीवर सांडली. "हाफिजभाई, सातबाऱ्यावर ट्रक कुठल्या रकान्यात चढवू? जिरायत की बागायत?"

तिथून ते लालबुंद होऊन माझ्याकडे आले. मी त्यांना घेऊन भट्टीवर गेलो, म्हटलं कृष्णाबाईला तेवढीच करमणूक. तिथं तिला हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. सकाळीच आगरातून येताना बांधावरच्या मोठ्या खड्ड्यात गाडी आदळली होती आणि डाव्या दांडीनं सांगाड्यावरची पट्टी खरोखरच फाडली होती. ती पट्टी तिच्या पुढ्यात पडलेली.

"साहेब बराबर बोलला," ती म्हणाली. "अर्धं."

मला वाटलं, संपलं. पण ती खचली नव्हती, चिडली होती, आणि स्वतःवर. पट्टी हातात घेऊन ती कुठून कशी फाटली ते बोटानं चाचपत होती. "वाकलेला पाटा खड्ड्यात दबला की सपाट होतो. सपाट झाला की लांब होतो. मंग आस मागं सरकनारच की! आनि मी येडी, त्याला पुढून खिळवून ठेवला." चंद्रावती भाता ओढत होती. वरच्या आडव्या काठीला साखळी, काठीचं दुसरं टोक भात्याच्या फळीला बांधलेलं, मध्ये एक लोंबती कडी. फळी वर जाताना जरा मागेही जाते, कडी तिच्याबरोबर झुलते, म्हणून काठी मोडत नाही. पंचवीस वर्षं तो भाता तिच्या डोळ्यांसमोर होता. त्या सकाळी तिनं तो पाहिला. तिनं चंद्रावतीला "थांब" म्हटलं, कडी बोटानं एकदा पुढे, एकदा मागे हलवली, आणि शिवी दिली. शिवी काशिरामला होती, पण कौतुकाची. कडी त्यानंच बसवली होती.

दांडीचं मागचं टोक तिनं तसंच ठेवलं, पंजात आवळलेलं. पुढचं टोक सांगाड्यापासून सोडवलं आणि मुठीएवढ्या जाड कडीतून लोंबतं केलं. आता खड्ड्यात आस मागे सरकला तर दांडी सरकणार, कडी झुलणार. पण आस मुरगळायला गेला, दांडीचं टोक वर रेटायला लागला, तर कडी त्याला वर जाऊ देणार नाही. आवरायचं तिथं आवरायचं, बाकी मोकळीक. भांड्याचं पाणी बदलावं इतक्या सहज तिनं हे सांगितलं. हाफिजभाईंनी गाडी मुद्दाम त्याच खड्ड्यातून दोनदा नेऊन आणली. काही फाटलं नाही.

"पन पास कोन करनार?" चंद्रावतीनं विचारलं.

तेव्हा मी हाफिजभाईंच्या तलाठी प्रकरणाची गंमत सांगितली. चंद्रावती हसली. कृष्णाबाई हसली नाही. "फेरफाराचं काय करतात वो, कमळाकरभाऊ? रीत काय?" तिनं मला विचारलं.

मी सांगितलं. नोंद धरली की तिची नोटीस चावडीवर लावतात. पंधरा दिवसांत कोणाची हरकत असेल तर त्यानं ती आणून द्यायची. आली नाही तर नोंद कायम.

"मंग लावा नोटीस."

"कुठे? चावडीवर?"

"गाडीचा फेरफार, गाडीवर लावा."

मी तिथंच मांडी घालून लिहिली, अगदी सरकारी थाटात. सदर वाहनाच्या मागील आसास दोन दांड्या जोडून पुढील टोकास झुलत्या कड्या बसविण्यात आल्या आहेत. सदर फेरफारास कोणाची हरकत असल्यास त्याने आजपासून पंधरा दिवसांचे आत, भरल्या गाडीत बसून, बोरघाटात प्रत्यक्ष दाखवून द्यावी. मुदतीत हरकत न आल्यास फेरफार कायम समजण्यात येईल. "बोरघाटात" हा शब्द तिचा. खाली तिनं अंगठा उमटवला, काजळीचाच, शाई नको म्हणाली. नोटीस फाळक्यावर ठोकली, आणि जुन्या पासाची मुदत अजून बाकी होती म्हणून गाडी त्या नोटिशीसकट आगरापासून पुण्यापर्यंत फिरू लागली. वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर लोक वाचू लागले. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना इतर वाचून दाखवू लागले.

चौदाव्या दिवशी साहेब आले. नाक्यावर नेहमीच्या दुप्पट माणसं. साहेबांनी नोटीस वाचली, त्यांचे कान लाल झाले. "ही काय चावडी आहे? काय पोरखेळ लावलाय!"

कृष्णाबाई हात पुसत पुढे आली. "तुमीच म्हनलात फेरफार. आमच्यात फेरफाराची रीत अशी हाय. पहिल्या दांडीवर तुमची हरकत खरी होती, ती मी सुधारली. या दांडीवर हाय का? असली तर आज चौदावा दिवस. गाडी भरलेली हाय."

"आणि घाटात सांधा तुटला तर?"

"तर भट्टी मी माज्या हातानं विझवते. याच मानसांसमोर."

हाफिजभाई "कृष्णाबाय, असं नको बोलूस," म्हणाले, पण ती बोलून गेली होती. साहेबही माणूसच. इतक्या डोळ्यांसमोर त्यांना मागे फिरता येईना. ते केबिनमध्ये हाफिजभाईंच्या शेजारी बसले. कृष्णाबाई मिठाच्या गोणींवर चढली आणि मला म्हणाली, "तुमी पन या. लिवायला मानूस लागेल." मला घाटाची चक्कर येते हे मी तिला सांगितलं नाही.

खोपोली मागे पडली, चढ लागला. मी डोळे मिटून गोणीला धरून बसलो होतो. अर्ध्या घाटात, जिथं वळण आणि चढ दोन्ही एकदम येतात, तिथं साहेबांनी गाडी थांबवायला लावली. असल्या जागी भरली गाडी कोणी थांबवत नाही. थांबलेली गाडी तिथून उठवायची म्हणजे आसाला सगळ्यात जास्त पीळ. मुद्दाम निवडली होती त्यांनी जागा, आणि खरं सांगायचं तर बरोबर निवडली होती. ते उतरून चाकाजवळ वाकले. कृष्णाबाईही उतरून त्यांच्या शेजारी उकिडवी बसली. मागच्या गाड्यांनी भोंग्यांचा कल्लोळ केला.

"मागे दगड लावा चाकाला," साहेब म्हणाले.

"नको," कृष्णाबाई म्हणाली. "मंग गाडी दांडीनं उठली का दगडानं, कोन सांगेल?"

हाफिजभाईंनी अल्लाचं नाव घेतलं ते आम्हाला मागे ऐकू आलं. यंत्र गुरगुरलं. मी वरून वाकून पाहत होतो. पाटे ताणले, दांडीचं टोक वर रेटलं गेलं, कडीला टेकलं, आणि तिथंच थांबलं. धडधड नाही, उडी नाही. चाक फिरलं, अर्धं, मग पूर्ण, आणि गाडी चढाला लागली. कडी बोटभर झुलली तेवढीच. साहेब आणि कृष्णाबाई गाडीमागून चालत आले. कृष्णाबाईला धाप लागली होती आणि डोळ्यांत पाणी होतं, ते तिनं लपवलं नाही.

वर सपाटीला गाडी उभी राहिली. साहेबांनी पुन्हा खाली वाकून दांडी, कडी, सांगाडा सगळं हातानं तपासलं. बुटानं नाही, हातानं. मग रुमालाला हात पुसत म्हणाले, "ठीक आहे. हरकत नाही."

"लिवा!" कृष्णाबाई माझ्यावर ओरडली. "साहेबांची हरकत नाय! लिवा आनि त्यांची सही घ्या!"

साहेब सहज बोलून गेले होते, आपण सगळेच दिवसातून दहा वेळा बोलतो तसं. पण शब्द तोंडातून गेला होता. ते हसले, गाडीच्या पासावर सही केली आणि माझा टाक घेऊन फाळक्यावरच्या नोटिशीखाली स्वतःच्या हातानं लिहिलं. कृष्णाबाईनं मला वाचायला सांगितलं. मी वाचलं, "पनवेल येथील लोहारणीने बसविलेल्या दांड्या घाटात तपासल्या. हरकत नाही."

"लोहारीन म्हंजे कोन?" तिनं साहेबांना विचारलं. "लोहाराची बायको. माजा लोहार मरून सा वर्षं झाली. दांडी मेल्या मानसाच्या बायकोनं नाय केली, लोहारानं केली. मी लोहार."

साहेबांनी शब्द खोडला, वर लिहिलं, लोहार कृष्णाबाई. मग टाक मला परत देत, जरा चिडून, जरा थट्टेनं म्हणाले, "आणखी काही खोडायचंय का बाई?"

"हाय ना. माज्या हातचं काम पास करनार नाय म्हनलात, ते. ते कागदावर नव्हतं, तोंडानं बोलला होतात. ते तोंडानंच खोडा. नाक्यावर."

गाडी वळवून आम्ही घाट उतरलो. नाक्यावर माणसं तशीच उभी होती. गाडी थांबली, साहेब उतरले, घसा साफ केला आणि गाडीवाल्यांकडे बघून म्हणाले, "या लोहाराच्या हातचं काम चालेल."

कृष्णाबाई अजून गोणींवरच होती. कमरेवर हात ठेवून वरूनच म्हणाली, "जरा मोठ्यानं, साहेब. मागच्यांना ऐकू आलं नाय."

साहेबांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.